नवव्या दिवशी ‘उद्यापासून येत नाही’: भांडी धुण्याच्या पहिल्या नोकरीचा प्रकरण अभ्यास

मोठ्या स्वयंपाकघरात भांडी धुणं ही असंख्य लोकांची पहिली नोकरी असते. अनुभव कुणी विचारत नाही, हात-पाय धड असले की पुरे. ‘यात शिकवायचं काय?’ हा प्रश्न इतक्या सहज विचारला जातो की नव्या माणसाला पहिल्या दिवशी फक्त सिंक, साबण आणि घासणी दाखवली जाते आणि बाकी सगळं त्याच्यावर सोडलं जातं. पुढे तो टिकला तर मेहनती, नाही टिकला तर कामचुकार.

इथला मुलगा, त्याच्या जोडीच्या मावशी आणि ते स्वयंपाकघर यांतलं कुणीही एक विशिष्ट व्यक्ती किंवा ठिकाण नाही. अशा कामाच्या जागी जे वारंवार घडतं, ते एका प्रकरणात जुळवून मांडलं आहे. वेळेचे आणि नगांचे आकडे एवढ्या आकाराच्या स्वयंपाकघराला साजेसे धरले आहेत. पाण्याचं तापमान, ब्लीचचं प्रमाण वगैरे मात्र जसंच्या तसं वापरता येईल.

परिस्थिती

दुपारी २०० माणसं जेवतात. प्रत्येकी एक ताट, दोन वाट्या, एक पेला आणि एक चमचा धरला तर १,००० नग होतात. शिवाय स्वयंपाकाची पातेली, कढया, झारे, पराती. धुवायला तीन सिंक आहेत: पहिलं घासायचं, दुसरं विसळायचं, तिसरं निर्जंतुक करायचं. प्रत्येकात साधारण ५० लिटर पाणी मावतं. माणसं दोन. एक मावशी, ज्यांनी या कामात कित्येक वर्षं काढली आहेत, आणि एक १९ वर्षांचा मुलगा, ज्याची ही आयुष्यातली पहिली नोकरी. पाळी सहा तासांची, आठवड्याचे सहा दिवस.

त्याच्याबरोबर त्याच दिवशी एक मुलगीही कामाला लागली होती. ती सहाव्या दिवसानंतर आली नाही. हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढे ‘सोडून गेली’ एवढीच नोंद आहे. का गेली, हे कुणी विचारलं नाही. या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक हीच, असं आमचं मत आहे. कारण पुढे मुलाच्या बाबतीत जे सापडलं, ते सगळं त्या सहा दिवसांतही समोरच होतं.

नऊ दिवसांत काय झालं

पहिल्या दिवशी मुलगा उत्साहात होता. तिसऱ्या दिवसापासून कंबर धरायला लागली. चौथ्या दिवशी साबणाच्या पाण्यात बुडालेली सुरी बोटाला लागली. जखम लहान होती, पण त्यानंतर पाण्यात हात घालताना तो कचरायला लागला आणि वेग आणखी कमी झाला. सहाव्या दिवसापर्यंत बोटांच्या बेचक्यांतली कातडी लाल होऊन सोलायला लागली होती. नवव्या दिवशी वाढपाच्या टेबलावरून ३० पेले परत आले. आतून ओशट, काठाला पांढुरका थर. मुख्य स्वयंपाक्यानं ते सगळ्यांसमोर सिंकच्या काठावर ठेवले आणि ‘एवढंही जमत नाही का?’ म्हणून निघून गेला.

पाळी संपल्यावर मुलगा देखरेख करणाऱ्या बाईंना म्हणाला, “मॅडम, उद्यापासून येत नाही. मी दिवसभर घासतोच आहे. तरी परत येतात.”

या वाक्यावर बाई थबकल्या. काम टाळणारा माणूस सहसा कामाच्या प्रमाणाबद्दल तक्रार करतो. हा वेगळंच सांगत होता: कष्ट करतोय, पण त्यातून काही निघत नाही. त्यांनी त्याला आणखी एक दिवस यायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी घड्याळ आणि वही घेऊन पूर्ण पाळीभर सिंकपाशी उभ्या राहिल्या.

पाहणीत काय दिसलं

१०० ताटं घासायला मुलाला ४१ मिनिटं लागली, मावशींना २४. सगळ्यांचा अंदाज होता की मावशींचा हात चपळ आहे. मोजल्यावर उलटं निघालं. मुलाचा हात जास्त वेगानं चालत होता. एका ताटावर तो सरासरी १४ वेळा घासणी फिरवत होता, मावशी चार वेळा. म्हणजे त्या खोलीत सर्वांत जास्त राबणारा माणूस हा मुलगाच होता, आणि सर्वांत वाईट भांडी त्याचीच निघत होती.

कारण समजायला एक जुनी मांडणी उपयोगी पडते. जर्मन रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये सांगितलं की कुठलीही सफाई चार गोष्टींनी होते: रसायन, घासण्याचा जोर, तापमान आणि वेळ. सफाईच्या प्रशिक्षणात ही मांडणी ‘सिनर वर्तुळ’ म्हणून आजही शिकवतात. चारांपैकी एक कमी पडली की तिची भरपाई उरलेल्यांना करावी लागते. मुलाच्या सिंकमध्ये पहिल्या तासानंतर साबण मेलेला होता, पाणी कोमट झालेलं होतं आणि भांडं भिजायला वेळच मिळत नव्हता. तीन गोष्टी गळून पडल्या होत्या, त्यामुळे सगळा भार त्याच्या दंडावर आला होता.

साबण मरत होता कारण खरकटं काढून न टाकताच ताटं सिंकमध्ये पडत होती. तेल आणि अन्नाचे कण साबणाला गुंतवून ठेवतात. वीस मिनिटांत फेस बसतो आणि पाण्यावर ओशट तवंग येतो. त्या पाण्यातून पेला काढला की तवंग पेल्यावर चढूनच बाहेर येतो. परत आलेल्या ३० पेल्यांचं उत्तर इथे होतं. ताटांच्या मागून, त्याच पाण्यात ते धुतले गेले होते. मग मुलगा पाणी बदलायचा. एका पाळीत सहा वेळा. सिंक रिकामं व्हायला तीन मिनिटं, मिनिटाला १० लिटरच्या धारेनं भरायला पाच. सहा वेळचे मिळून ४८ मिनिटं तो नुसता उभा होता, आणि तेवढ्यात मागे ढीग वाढत होता.

दुसरी गोष्ट पाण्याच्या तापमानाची. दूध, अंडं, पीठ लागलेलं भांडं थेट गरम पाण्यात घातलं की अंड्या-दुधातली प्रथिनं तिथेच शिजून भांड्याला घट्ट बसतात आणि पिठाची खळ होते. ही भांडी आधी थंड पाण्याखाली धरायची असतात. ओशट भांड्यांना मात्र गरमच पाणी लागतं, किमान ४३ अंश सेल्सिअस. त्याखाली तेल नीट सुटत नाही. कुठल्या भांड्याला कुठलं पाणी, हे मावशींच्या हाताला माहीत होतं. त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं, कारण ही सांगायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

तिसरी गोष्ट तारेची घासणी. जोर लावूनही निघत नाही म्हणून मुलगा सगळ्यालाच ती वापरत होता. तिचे ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळचं अन्न नेमकं त्याच ओरखड्यांत रुतून बसतं. म्हणजे आजच्या कष्टानं तो उद्याचे कष्ट वाढवत होता. न चिकटणाऱ्या लेपाचे दोन तवे तर कायमचे गेले होते. ॲल्युमिनियमची एक परात काळी पडली होती, कारण ती तेलकट थर काढायच्या दाहक क्षारात भिजत ठेवली होती. ॲल्युमिनियमला असा क्षार चालत नाही, तो धातूच खातो.

ब्लीचचा घोळ त्याहून गंभीर होता. ते अंदाजानं, कधी पहिल्याच सिंकमध्ये साबणाबरोबर, कधी वाफाळत्या पाण्यात पडत होतं. ब्लीचमधलं जंतू मारणारं क्लोरीन खरकट्यावरच खर्च होतं आणि फार गरम पाण्यातून उडून जातं. नाकाला वास येतो, म्हणून जंतू मेले असं वाटतं, पण भांड्यापर्यंत पोहोचायला फारसं काही उरलेलं नसतं.

शेवटी कंबर. सिंकचा काठ नेहमीच्या उंचीवर असतो, पण हात काम करतात ते तळाशी. मुलगा उंच होता. तो सहा तास कमरेतून वाकून उभा असायचा.

इथे कामातल्या हालचालींचा अभ्यास करणारे अमेरिकन फ्रँक गिलब्रेथ यांची आठवण येते. १८८५ मध्ये, १७ व्या वर्षी ते वीट रचणाऱ्या गवंड्यांच्या हाताखाली लागले. ती त्यांची पहिली नोकरी. त्यांना दिसलं की प्रत्येक गवंडी वेगवेगळ्या पद्धतीनं वीट ठेवतो, आणि प्रत्येक विटेसाठी पायापर्यंत वाकतो. पुढे त्यांनी विटा कमरेच्या उंचीवर राहतील अशी वर-खाली होणारी परांची तयार केली आणि एका विटेमागच्या १८ हालचाली पाचपर्यंत आणल्या. गवंड्यांचा घाम त्यामुळे कमी झाला आणि भिंत जास्त उभी राहू लागली. मेहनतीबद्दल बोलताना पहिल्या नोकरीतल्या मुलांना हे उदाहरण सांगायलाच हवं, कारण त्यांना बहुतेक वेळा फक्त ‘आणखी जोर लाव’ एवढंच ऐकवलं जातं.

काय बदललं

सर्वांत महत्त्वाचा बदल ऐकायला विचित्र वाटेल. पुढचे तीन दिवस मुलाला घासायला दिलंच नाही. त्याला अगदी शेवटच्या टोकाला, निथळायच्या जाळीपाशी उभं केलं. काम एकच: मावशींकडून आलेलं प्रत्येक भांडं पाहायचं, आणि स्वच्छ नसेल तर परत द्यायचं.

मावशींनी त्याला पेला कसा पाहायचा ते दाखवलं. समोरून पाहिला तर सगळेच पेले स्वच्छ दिसतात. उजेडाकडे तिरका धरून हळूहळू फिरवला की ओठ टेकतात त्या काठाखाली बोटभर रुंदीचा धुरकट पट्टा दिसतो. मग त्यात पाणी घालून ओतायचं. स्वच्छ काचेवर पाणी एकसंध पातळ पडद्यासारखं उतरतं. जिथे तेल राहिलं असेल तिथे पडदा फाटतो आणि थेंब सुटे सुटे उभे राहतात. वाटीचं बूड बोटानं चाचपायचं, कारण बुडाच्या कडेच्या खाचेत घासणी पोहोचत नाही. ताटाचा काठ, चमच्याची मान, झाऱ्याच्या दांड्याचा सांधा. घाण राहते ती या चार-पाच ठिकाणीच.

पहिल्या दिवशी मुलानं मावशींना २०० पेल्यांपैकी एकही परत दिला नाही. दुसऱ्या दिवशी चार दिले. त्यातले तीन खरंच ओशट होते. “बघ, माझेही राहतात. म्हणून तर दोघं लागतात रे,” मावशी म्हणाल्या आणि पेले पुन्हा घेतले.

आमच्या मते या प्रकरणाची कळ इथे आहे. झालेलं काम कसं दिसतं हे ज्याला माहीत नाही, त्याला आपली मेहनत कुठे थांबवायची तेच कळत नाही. तो एकाच ताटावर १४ वेळा घासणी फिरवतो आणि तरी धास्तावलेला राहतो. नजर तयार झाली की हात आपोआप मोजका होतो. नव्या माणसाला कामाच्या पहिल्या टोकाला लावायची सर्वत्र पद्धत आहे. शेवटच्या टोकाला लावून पाहावं. तीन दिवस एक माणूस कमी घासतो एवढाच खर्च आहे.

चौथ्या दिवशी तो मागे सरकत खरकटं काढायच्या टोकाला गेला, आणि मग घासायला. कामाचा क्रमही त्याच वेळी ठरवून भिंतीवर लावला:

१. खरकटं रबरी पट्टीनं डब्यात काढायचं. एका ताटाला दोन सेकंद. मग थंड पाण्याची धार.
२. चमचे आल्या आल्या साबणाच्या गरम पाण्याच्या बादलीत, १५ ते २० मिनिटं. सुऱ्या सिंकमध्ये कधीच नाहीत. वेगळ्या ट्रेमध्ये, एकेक हातात धरून धुवायच्या.
३. आधी पेले, मग चमचे, वाट्या, ताटं. पातेली सर्वांत शेवटी. ओशटपणा कमीकडून जास्तीकडे.
४. साबण मापानं, बाटलीवर लिहिलंय तेवढाच. जास्त घातला तर विसळायला दुप्पट वेळ जातो आणि थर राहतो.
५. फेस बसला, तवंग दिसला किंवा पाणी ४३ अंशांखाली गेलं की पाणी बदलायचं. घड्याळ पाहून नाही.
६. विसळून झाल्यावर निर्जंतुक करायच्या सिंकमध्ये. पाणी कोमट, क्लोरीन दहा लाखांत १०० भाग. ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर एका लिटरला २ मिलिलिटर, म्हणजे ५० लिटरला १००. भांडं पूर्ण बुडालेलं, एक मिनिट. प्रमाण चाचणीच्या कागदी पट्टीनं तपासायचं.
७. फडक्यानं पुसायचं नाही. जाळीवर उपडं घालून निथळू द्यायचं. सपाट फळीवर उपडं घातलं तर वाफ आत कोंडते आणि वास येतो.

ब्लीचची बाटली आणि डाग काढायचं आम्ल यांना वेगवेगळी कपाटं दिली. ती एकमेकांत मिसळली तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. ही सूचना तोंडी देऊन भागत नाही. घाईच्या वेळी हात जवळच्या बाटलीकडेच जातो, म्हणून बाटल्याच लांब हव्यात.

बूड लागलेल्या पातेल्यांसाठी स्वतंत्र पद्धत ठरली. बोटभर पाणी, दोन चमचे खायचा सोडा, दहा मिनिटं मंद उकळी, निवेपर्यंत झाकण आणि मग लाकडी उलथन्यानं खरवडणं. ज्या पातेल्याला मुलगा आधी २५ मिनिटं तारेनं झगडायचा, ते आता पाच मिनिटांच्या कामात निघतं. उरलेली वीस मिनिटं शेगडी आणि वेळ काम करतात, त्याचे हात दुसरीकडे मोकळे राहतात. मोठं पातेलं पाण्यानं भरलेलं असताना उचलायचं नाही, हेही ठरलं. २० लिटर पाणी म्हणजे पातेल्याचं वजन सोडून २० किलो. आधी तांब्यानं पाणी उपसायचं.

हातांसाठी रबरी मोजे आणि त्यांच्या आत पातळ सुती मोजे, जे ओले झाले की बदलायचे. दिवसाला दोन तासांहून जास्त हात ओले राहिले तर त्वचेचा त्रास होण्याची शक्यता बरीच वाढते, आणि हे काम सहा तासांचं आहे. म्हणून दर तासाला दोघं जागा बदलतात: एक ओल्या बाजूला, एक कोरड्या. पाळी संपल्यावर हातांना बिनवासाचं मलम.

पगाराचा दिवस

पहिला पगार तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी हातात आला. मुलाच्या मनात बऱ्याच दिवसांपासून एक हेडफोन घ्यायचं होतं. त्यानं किमतीला आपल्या तासाच्या मजुरीनं भागलं. उत्तर आलं ३१ तास, म्हणजे पाच पाळ्यांहून थोडं जास्त. पैशाची किंमत शिकवायला यापेक्षा सोपं गणित नाही आणि ते कुणी समजावून सांगावंही लागत नाही. त्यानं ते घेतलं की नाही, हा त्याचा प्रश्न.

त्याच गणितातून आणखी एक गोष्ट बाहेर आली. पगाराच्या चिठ्ठीवर आठवड्याला ३६ तास होते. तो वहीत स्वतःच्या वेळा लिहीत होता, कारण पाहणीच्या वेळी बाईंनी त्याला तशी सवय लावली होती. सिंक घासणं, नाल्याची जाळी साफ करणं, कचरा बाहेर नेणं हे सगळं पाळी संपल्यावर होत होतं आणि त्याला रोज २० मिनिटं लागत होती. सहा दिवसांचे दोन तास. ते कुठेच मोजलेले नव्हते, मावशींचेही नाहीत. मावशींचे तर कितीतरी वर्षांचे.

बाईंनी आवराआवर पाळीच्या आत आणली आणि त्या महिन्याचे तास भरून दिले. याचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो. तरुणांना मेहनतीची किंमत कळायला हवी असं म्हणणाऱ्यानं आधी ती किंमत मोजलेली असली पाहिजे. मोजे न देता सोललेले हात, न मोजलेले तास, जखमेनंतर तसंच पाण्यात हात घालायला लावणं, यांतून कुणी घडत नाही. वयाचंही तसंच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७३ च्या १३८ क्रमांकाच्या करारानुसार धोक्याच्या कामाला सर्वसाधारणपणे १८ वर्षं पूर्ण असावी लागतात. दाहक क्षार, उकळतं पाणी आणि सुऱ्या हाताळायच्या असतील तर त्याहून लहान मुलांना त्या टोकाला उभं करू नये.

पाचव्या आठवड्याअखेर

१०० ताटांना २७ मिनिटं. मावशींपेक्षा तीन मिनिटं जास्त. एका ताटावर पाच वेळा घासणी. पाणी पाळीत तीनदा बदललं जातं. परत येणारे पेले दोन-तीन, काही दिवशी एकही नाही. दुपारी बारा वाजता पेल्यांची जाळी वाढपाच्या टेबलापर्यंत आता तो स्वतः नेतो. हे त्यानंच मागून घेतलं. माणसं त्याच पेल्यांतून पाणी पिताना त्याला दिसतात. मुख्य स्वयंपाकी अजून फारसं बोलत नाही, पण करपलेलं पातेलं सिंकमध्ये आदळण्याऐवजी सोड्याचं पाणी घालून आणून ठेवतो.

हजेरीच्या वहीत ‘सोडून गेली’च्या पुढे आता एक रकाना वाढवला आहे: कारण. तो त्या माणसाला विचारून भरायचा.

उंचीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. मुलगा घासायला असला की सिंकच्या तळाशी १२ सेंटिमीटरची जाळी उपडी ठेवतात, म्हणजे भांडं वर येतं आणि त्याला वाकावं लागत नाही. मावशी उंचीनं कमी, त्यांना त्याच जाळीमुळे खांदे उचलून काम करावं लागतं. दर तासाला जागा बदलताना जाळी काढायची असं ठरलं आहे, पण ऐन गर्दीत, सिंक भरलेलं असताना, गरम पाण्याच्या तळातून ती काढायला कुणालाच सवड नसते. मावशींसाठी पायाखाली लाकडी पाट ठेवून पाहिला, तो ओल्या फरशीवर सरकतो. खाली रबर ठोकलेला दुसरा पाट करायला दिला आहे.